पितृपक्षात ड्रम, जानेवारीत अल्बम: खान्देशातल्या पॉप-पंक बँडसाठी

जळगाव-धुळे-नंदुरबार पट्ट्यात ड्रम किट, बत्तीस चॅनेलचा डिजिटल मिक्सर, डझनभर माइक आणि वीस-पंचवीस गाद्या एकाच वेळी मोकळ्या सापडतात ते पितृपक्षात. गणपती गेलेले, नवरात्र अजून यायचं, लग्नं बंद. साउंडवाल्याचं गोदाम भरलेलं आणि हात रिकामे असतात. पॉप-पंक (पंक रॉकचा वेग, पॉपच्या चाली) अल्बममध्ये घरी न होण्यासारखी गोष्ट एकच, ती म्हणजे ड्रम. गिटार, बेस आणि आवाज एका खोलीत, लॅपटॉप आणि दोन इनपुटच्या इंटरफेसवर निघतात. म्हणून सगळं वेळापत्रक या पंधरवड्याभोवती बांधा. चाली आणि शब्द आषाढीपर्यंत, डेमो श्रावणात, ड्रम पितृपक्षात, गिटार-बेस दिवाळीपर्यंत, आवाज त्यानंतर, मिक्स आणि मास्टर डिसेंबरच्या मध्यापर्यंत. अल्बम जानेवारीअखेरच्या शुक्रवारी, कॉलेजांची गॅदरिंगं रंगात असताना.

एप्रिल-मेचा विचारही करू नका. ४४-४५ अंशांत कूलर बंद ठेवून कुणी तीन टेक नीट देत नाही, आणि कूलर चालू ठेवला तर तोच रेकॉर्ड होतो.

गाणी आणि वेग

दहा गाणी, एकूण २६ ते ३० मिनिटं, एवढं पुरे. रामोन्सच्या १९७६ च्या पहिल्या अल्बममध्ये १४ गाणी आहेत आणि तो जेमतेम २९ मिनिटांचा आहे. या संगीतात चौथं कडवं म्हणजे कंटाळा. १८० बीपीएमला (मिनिटाला १८० ठोके) चार मात्रांचा एक बार १.३३ सेकंदांचा होतो, म्हणजे १६ बारचं कडवं २१ सेकंदांत संपतं. कडवं, कोरस, कडवं, कोरस, मध्ये आठ बारचा ब्रेक आणि शेवटी दुप्पट कोरस धरला तरी गाणं अडीच मिनिटांच्या आत बसतं.

मराठी शब्द इथे अडतात. १८० ला एट्थ नोटवर (अर्ध्या मात्रेवर) गायचं तर सेकंदाला सहा अक्षरं तोंडातून जावी लागतात, आणि एका बारमध्ये आठाच्या वर अक्षरं मावत नाहीत. 'अस्वस्थता'सारखी जोडाक्षरं या वेगात चघळली जातात. कडव्यात बारला सहा-सात अक्षरं ठेवा, कोरसमध्ये चार-पाच. कोरसच्या ओळीचा शेवट शक्यतो 'आ' किंवा 'ओ'वर आणा. ओरडून लांबवता येतात ते हेच स्वर. 'ट', 'क', 'ळ'वर ओळ संपली की आवाज दार आपटल्यासारखा बंद होतो.

अहिराणीत गाणार असाल तर एक खास अडचण आहे. करस, जास, येस. वर्तमानकाळातली क्रियापदं 'स'वर संपतात आणि तीच नेमकी ओळीच्या शेवटी येतात. स्टेजवर मजा येते. रेकॉर्डिंगमध्ये कोरस दोन-तीनदा गाऊन एकावर एक ठेवला, की तीन 'स' वीस-तीस मिलिसेकंदांच्या फरकाने पडतात आणि कुकरची शिटी व्हायला आल्यासारखं ऐकू येतं. नुसता डी-एसर ('स' दाबणारं प्लगइन) लावून हे सुटत नाही. मुख्य टेकमधला 'स' तसाच ठेवा आणि बाकीच्या थरांत प्रत्येक ओळीचा शेवटचा 'स' हाताने फेड करून काढून टाका. ऐकणाऱ्याला तीनही आवाज 'करस' म्हणताहेत असंच वाटतं. दहा गाण्यांना हे काम एक अख्खी संध्याकाळ खातं, पण ती द्यावीच लागते.

बहिणाबाईंची १९५२ च्या संग्रहातली एखादी रचना घ्यायची असेल तर शब्द मोकळे आहेत. त्या ३ डिसेंबर १९५१ ला गेल्या, संग्रह त्यानंतर आला, आणि १९५७ च्या कायद्यातली साठ वर्षांची मुदत अशा वेळी प्रकाशनापासून मोजली तरी ती कधीच संपली. मात्र नंतर कुणी लावलेली चाल आणि झालेलं रेकॉर्डिंग हे वेगळे हक्क आहेत. शब्द घ्या, चाल तुमची लावा. कानबाईच्या (खान्देशातली लोकदेवी) गाण्यांचंही तसंच. गल्लीतल्या म्हाताऱ्या बायकांकडून ऐकलेली परंपरेची चाल चालते. यूट्यूबवरच्या व्हिडिओतला म्युझिक पीस उचलला तर क्लेम येणार.

डेमो फोनवर करा, पण मेट्रोनोमवर. प्रत्येक गाणं तीन वेगांत वाजवून बघा, समजा १७२, १७८ आणि १८४. ड्रमरला सगळ्यात वरचा आवडेल. निर्णय गायकाच्या जिभेवर घ्या: ज्या वेगात शब्द स्वच्छ निघतात तो वेग. कोरसला दोन बीपीएम वाढवले तर गाणं उचललं जातं आणि कुणाला कळतही नाही. दहा गाण्यांचे दहा आकडे एका कागदावर लिहा आणि पुढे त्यांना हात लावू नका.

जागा

पहिला मोह मंगल कार्यालयाचा होतो, कारण ते याच दिवसांत स्वस्तात मिळतं. टाळा. फरशी, काच आणि उंच छत असलेल्या रिकाम्या हॉलमध्ये आवाज दोन सेकंद घुमतो. १८० बीपीएमला एक एट्थ नोट १६७ मिलिसेकंदांची, म्हणजे प्रत्येक ठोक्यावर आधीच्या बारा ठोक्यांची शेपटं लोंबतात. मिक्समध्ये हे निघत नाही. पत्र्याचं गोदामही नको, सप्टेंबरात एक सर आली की दिवस गेला. कापूस भरलेल्या गोदामाचा आवाज सुंदर असतो, पण तिथे एक्स्टेंशन बोर्ड ओढणं म्हणजे आगीला बोलावणं.

हवा तो स्लॅबचा, दहा-बारा फूट उंचीचा, साधारण १५ बाय २० फुटांचा खोलीवजा हॉल: शाळेचं वाचनालय, सोसायटीचं ऑफिस, कुणाच्या घराचा अर्धवट बांधलेला वरचा मजला. रेल्वे रुळांपासून लांब. भुसावळकरांना हे सांगायला नको.

साउंड ज्याच्याकडून घेताय त्या मंडपवाल्याकडून गाद्याही घ्या, वीस तरी. कापसाची जड गादी महागड्या फोमपेक्षा चांगलं काम करते, फक्त ती भिंतीला चिकटवून उभी करू नका. चार-सहा खाटा गोळा करा, भिंतीला टेकवून उभ्या करा आणि गाद्या त्यांच्या पुढच्या बाजूने बांधा. गादी आणि भिंत यांत वीतभर पोकळी राहते आणि तेवढ्याने शोषण कितीतरी खालच्या सुरांपर्यंत उतरतं. गादी भिंतीला चिकटली तर नुसता झांजेचा तिखटपणा जातो आणि टॉमचा गुबगुबाट तसाच राहतो. आधी कोपरे भरा, मग ड्रमरच्या मागची भिंत. ड्रमखाली जाड सतरंजी टाका. छताला काही करायची गरज नाही.

वीज

पहिल्या दिवशी सगळं जोडल्यावर गुंऽऽ असा आवाज येणार. तो पन्नास हर्ट्झचा आणि त्याच्या पटीतला असतो. लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. गुणगुण थांबली तर दोष चार्जरच्या अर्थिंगचा आहे, तोपर्यंत बॅटरीवर काम करा. मिक्सर, लॅपटॉप आणि अँप एकाच बोर्डावर घ्या. तरी राहिली तर इमारतीचा अर्थिंगचा खड्डा शोधा. पाऊस उघडल्यावर काळी माती सुकते, भेगाळते आणि अर्थिंग कमजोर पडतं. खड्ड्यात दोन-तीन बादल्या पाणी ओतून तासाभराने पुन्हा ऐका. फरक पडत नसेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा. आवाज जावा म्हणून प्लगची अर्थ पिन कापणारे हुशार असतात. तसं करू नका. गिटार हातात आणि ओठ माइकला, अशा अवस्थेत शॉक बसला तर जीव जातो.

साध्या इन्व्हर्टरवर गिटार रेकॉर्ड करू नका, त्याची करकर पिकअपमध्ये उतरते. लाइट गेली तर मिक्सर बंद पडून टेक जाऊ नये इतपत छोटा यूपीएस पुरतो.

ड्रम

किट भाड्याने मिळतं, त्यावरची कातडी मात्र लग्नाच्या दोन हंगामांत मार खाल्लेली असते. स्नेअर आणि दोन्ही टॉमच्या वरच्या हेड नव्या घ्या. ते पैसे वाचवू नयेत. स्नेअरला सहसा दहा बोल्ट असतात. सगळे आधी बोटांनी घट्ट करा, मग समोरासमोरचे बोल्ट जोडीने पाव-पाव आटा फिरवा. तळहाताने मध्यभागी दाबून हेड ताणून घ्या आणि परत सूर लावा. खालची हेड वरच्यापेक्षा घट्ट हवी. दर दोन टेकनंतर स्नेअर तपासा, कारण रिमशॉट (कडेसकट फटका) मारल्या जातात त्या बाजूचा बोल्ट ढिला होतोच. जास्त टणटणत असेल तर टिश्यूची घडी पेपर टेपने कडेला चिकटवा. किकमध्ये एक गोधडी, मारायच्या हेडला जेमतेम टेकेल अशी.

आठ माइक पुरतात: किकला एक, स्नेअरला वर-खाली दोन, दोन टॉमना दोन, वर ओव्हरहेड दोन आणि आठ-दहा फुटांवर गुडघ्याच्या उंचीला खोलीचा एक. ओव्हरहेडसाठी कंडेन्सर माइक आणि ४८ व्होल्टचा फँटम (मिक्सरमधून माइकला जाणारी वीज) लागतो. ऑर्केस्ट्रावाल्याकडे ते असतीलच असं नाही, आधी विचारा. स्नेअरच्या मध्यावर सुतळीचं एक टोक धरा आणि दोन्ही ओव्हरहेड त्याच मापावर लावा, साधारण साडेतीन फुटांवर. एक माइक फूटभर लांब गेला तरी आवाज त्याच्यापर्यंत जवळपास एक मिलिसेकंद उशिरा पोचतो, आणि स्नेअर एका बाजूला सरकून पातळ होतो. खालच्या स्नेअर माइकची पोलॅरिटी (लाटेची दिशा) उलटी करा. दोन्ही फेडर वर केल्यावर आवाज भरतो की पोकळ होतो, हे कानांनी ठरवा.

मिक्सर बेहरिंजर एक्स-३२ असेल, आणि आपल्याकडे तो भरपूर दिसतो, तर वेगळा इंटरफेस लागत नाही. यूएसबीतून ३२ ट्रॅक थेट लॅपटॉपवर जातात. राउटिंगमध्ये कार्ड आउटला लोकल इनपुट द्या, म्हणजे साउंडवाल्याने सवयीने फिरवलेला ईक्यू रेकॉर्डिंगमध्ये जाणार नाही. मिक्सर आणि सॉफ्टवेअर दोन्ही ४८ किलोहर्ट्झवर ठेवा. एक ४४.१ वर राहिला की टिकटिक येते किंवा सूर सरकतो. २४ बिट, आणि सगळ्यात जोरदार फटका उणे बारा डेसिबलच्या आसपास. चाचणीपेक्षा खऱ्या टेकला ड्रमर जोरातच मारतो, ही जागा त्यासाठी ठेवलेली. एका ट्रॅकचं एक मिनिट ८.६ एमबी घेतं, म्हणजे आठ ट्रॅक, तीन मिनिटांचं गाणं, एक टेक: दोनशे एमबीच्या वर. रोज रात्री दोन हार्ड डिस्कवर कॉपी करा आणि त्या दोन वेगळ्या घरांत ठेवा, एकाच घरात नाही.

मेट्रोनोमची क्लिक कान पूर्ण झाकणाऱ्या हेडफोनमध्ये द्या, सोबत गाइड गिटार. क्लिकला पी-पी असा आवाज नको, काठीवर काठी मारल्यासारखा घ्या. गाण्याच्या शेवटी झांज विरत असताना क्लिक ओव्हरहेडमध्ये उतरते, तिथे ती आधीच बंद होईल अशी सोय करा. हाय-हॅट हळू आणि स्नेअर जोरात, हे ड्रमरला शंभरदा सांगा. नव्या पॉप-पंक रेकॉर्डिंगची सगळ्यात मोठी खोड म्हणजे उलटं वाजवणं: नुसती फसफस ऐकू येते आणि स्नेअर शोधावा लागतो. एका गाण्याचे तीन पूर्ण टेक घ्या, मग फक्त चुकलेला तुकडा. दिवसाला चार गाण्यांच्या वर जाऊ नका. मांडणीचा एक दिवस आणि वाजवण्याचे तीन, अशी चार दिवसांची बोली करा. पितरांच्या जेवणाची आमंत्रणं या दिवसांत येणारच. ती संध्याकाळवर ढकला, खीर-वडे खाऊन कुणी १८० ला वाजवत नाही.

गिटार आणि बेस

ब्रिजजवळचा हंबकर पिकअप, नव्या तारा: स्टँडर्डला १०-४६, ड्रॉप-डीला १०-५२. ऑक्टोबरच्या घामात तारा लवकर मरतात, तीन गाण्यांनंतर बदला. सूर लावताना तार हळू छेडू नका. गाण्यात जशी मारणार तशीच मारून ट्यूनर बघा, कारण जोरात मारलेली जाड तार क्षणभर चढते. गेन (डिस्टॉर्शनचा जोर) जेवढा हवासा वाटतो त्याच्या दोन तृतीयांश ठेवा. पाम म्यूटमध्ये (तळहाताने तारा दाबून वाजवताना) पिकचा 'टक' आवाज ऐकू येत नसेल तर गेन जास्त आहे.

डावी आणि उजवी गिटार दोन वेगळ्या टेकची हवी. एकच टेक कॉपी करून दोन्हीकडे टाकला तर तो मधोमध, फक्त मोठा ऐकू येतो. कॉपी थोडी सरकवली तर पोकळ डब्यातून आल्यासारखा होतो. सोबत गिटारचा कोरा डीआय (अँपशिवाय थेट तारेतून घेतलेला) सिग्नल नेहमी जपून ठेवा. अँप चांगला नसला तरी अडत नाही, न्यूरल अँप मॉडेलर (अँपची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) फुकट आहे आणि त्यात कॅबिनेटचा आयआर (स्पीकरच्या आवाजाची फाइल) टाकला की काम होतं. वाजवताना बफर १२८ सॅंपल, म्हणजे बफरचा उशीर पावणेतीन मिलिसेकंदांच्या आत.

बेस पिकनेच वाजवा. एकाच डीआयचे दोन ट्रॅक करा: एक दोनशे हर्ट्झच्या खालचा स्वच्छ, दुसरा वरचा डिस्टॉर्शन लावलेला.

आवाज

दिवसाला दोन गाणी, बस. पंखा बंद, खिडकी बंद, वेळ पहाटेची किंवा रात्री अकरानंतरची. तुळशीचं लग्न झालं की शेजारच्या वरातीचं वेळापत्रकही विचारून ठेवा. आदल्या रात्री भरीत पार्टी ठेवू नका. हिरव्या मिरच्यांचं जळजळीत वर आलं की गळा बसतो. हे शिकायला फार जणांनी एकेक दिवस घालवलाय.

गँग व्होकल्ससाठी (घोळक्याच्या आरोळ्या) आठ जण माइकभोवती चार-पाच फुटांवर गोल उभे करा आणि तीनदा ओरडायला लावा. प्रत्येक वेळी जागा बदला, एकदा वरच्या पट्टीत. चोवीस जणांचा गलका तयार होतो. सुरात गाणारे नकोत, ठेक्यात ओरडणारे हवेत.

मिक्स आणि मास्टर

आधी किक, स्नेअर, बेस आणि मुख्य आवाज यांचाच तोल लावा आणि गिटार शेवटी आणा. उलट केलं की गिटार सगळं गिळते. आवाज दबत असेल तर तो वाढवण्याआधी गिटारमधून अडीच-तीन किलोहर्ट्झपाशी दोन-तीन डेसिबल काढा. दोनशे ते तीनशे हर्ट्झचा चिखल बहुतेक वेळा बेस आणि गिटार दोघांचा असतो, गिटारला शंभरच्या खाली कापा. स्नेअरखाली तयार रेकॉर्ड केलेला फटका (सॅंपल) मिसळण्यात लाज नाही. हळू आवाजात मिक्स करा, दोन तासांनी उठा, मग फोनच्या एका स्पीकरवर आणि कुणाच्या तरी पिकअप गाडीच्या टेपवर ऐका.

बाहेरच्या इंजिनिअरला पाठवत असाल तर सगळे ट्रॅक शून्य सेकंदापासून, २४ बिट वेव्हमध्ये काढा. फाइलींची नावं रोमन लिपीत ठेवा, झिप केल्यावर देवनागरी नावं कधी कधी चौकोन होऊन पोचतात. वेगाचा कागदही सोबत द्या.

स्पॉटिफाय उणे १४ एलयूएफएसला (आवाजाच्या सरासरी मोठेपणाचं माप) पातळी आणतं म्हणून मास्टर तेवढाच करायचा, हा गैरसमज आहे. या संगीताला उणे नऊ-दहा शोभतं, ते फक्त खाली केलं जाईल. त्याच्याही वर रेटलात तर स्नेअरचा फटका चपटा होतो आणि खाली आणल्यावर इतरांपेक्षा मरगळलेला वाटतो. ट्रू पीक, म्हणजे लाटेचं सगळ्यात वरचं टोक, उणे एकच्या खाली.

बाजारात आणताना

आधी कागद. प्रत्येक गाण्याचे शब्द कुणाचे, चाल कुणाची, रेकॉर्डिंगमध्ये कुणाचा किती टक्के, हे लिहून सगळ्यांच्या सह्या. गीतकार आणि संगीतकाराने आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) सभासदत्व घ्यावं. स्ट्रीमिंगचे पैसे आणि हे पैसे वेगळे असतात.

बँडचं नाव गावासकट शोधून बघा. 'जळगाव बँड' शोधलं की लग्नाचे बँडवालेच येतात, आणि ते तुमच्यापेक्षा जास्त कमावतात. रोमन लिपीतलं एकच स्पेलिंग ठरवा आणि सगळीकडे तेच ठेवा. नाहीतर निम्मी गाणी त्याच नावाच्या दुसऱ्या कुणाच्या पानावर जातात. भाषेच्या यादीत अहिराणी नसेल तर मराठी निवडा. शिवी असेल तर एक्स्प्लिसिटची खूण करा.

कव्हर ३००० बाय ३००० पिक्सेल, आरजीबी, त्यावर फोन नंबर किंवा सोशल मीडियाचा पत्ता नको, त्यावरून परत पाठवतात. डिस्ट्रिब्युटर (स्पॉटिफायसारख्या ठिकाणी गाणी चढवणारी कंपनी) निवडताना बघा: वर्षाची फी थांबली की गाणी उतरवतात का? प्रत्येक गाण्याला बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी (रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक) मिळतो, तो वहीत लिहून ठेवा. आधी दोन सिंगल काढा, चार आठवड्यांच्या अंतराने. अल्बम चढवताना त्या दोघांचे तेच आयएसआरसी आणि तीच फाइल द्या, नाहीतर आधीची ऐकणारी संख्या वेगळीच राहते.

अल्बम किमान पाच आठवडे आधी चढवा. स्पॉटिफायच्या संपादकांकडे अजून न आलेलं एकच गाणं सुचवता येतं आणि ते निदान सात दिवस आधी हवं. शुक्रवार धरायचा कारण २०१५ पासून जगभर नवी गाणी शुक्रवारी येतात. यूट्यूबच्या कंटेंट आयडीची (गाणं ओळखून क्लेम लावणारी यंत्रणा) खूण करताना आठवा: गाण्यात तयार पॅकमधला ढोलकी लूप असेल तर ती खूण करू नका, तोच लूप वापरणाऱ्या दुसऱ्यावर तुमचा क्लेम जाईल आणि भांडण तुमच्या दारात येईल. आपलंच चॅनेल सुरक्षित यादीत टाकायला विसरू नका, नाहीतर पहिला क्लेम स्वतःच्याच व्हिडिओवर येतो.

प्रकाशनाचा कार्यक्रम साडेसहाला सुरू करा. परवानगी आधी काढा, दहानंतर लाउडस्पीकर बंद म्हणजे बंद.

विकायला सीडी नको, पेन ड्राइव्ह ठेवा. आपल्याकडे गाणी गाडीत ऐकतात. अठ्ठावीस मिनिटांचा अल्बम ३२० केबीपीएसला ६७ एमबीच होतो, म्हणजे सगळ्यात छोटा ड्राइव्ह पुरतो. तो एफएटी-३२ मध्ये फॉरमॅट करा, फाइलींना 01 ते 10 क्रमांक इंग्रजी आकड्यांत द्या आणि गाण्यांची नावं रोमनमध्येच टाका. जुन्या कार टेपवर देवनागरी दिसत नाही. पन्नास ड्राइव्ह भरले की त्यातले पाच-सहा उचलून दोन वेगवेगळ्या गाड्यांत लावून बघा.